मीठ बघायला गेले

मंगळवार, संध्याकाळ

रोह्याला लेकीला मुलगी झाली, महिना झाला. आनंद पोटात मावत नाय. पण गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाय, म्हणून बाळंतपण तिच्या सासरीच झालं. नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं कधी? डॉक्टर म्हणतात, आधी पाच किलो वजन उतरवा, मग गुडघ्यांचं ऑपरेशन. पंधरा दिवस अर्धी भाकरी न् भाजी. माणसाला भूक तरी किती लागावी?

आज शेजारच्या कुंदाकडे पोह्याचे पापड. पिठाचं मीठ बघायला दरवर्षी मलाच बोलावतात. नको म्हटलं, तर म्हणते, "काकू, बघ गो, एका लाटीनं काय होतंय?" खुर्चीत बसून एक लाटी तेलात बुडवून खाल्ली. मीठ बरोबर होतं. तरी परत बघितलं. किती वेळा बघितलं, देवालाच ठाऊक.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. न्हाऊ घालायला ठेवलेली बाई पोरीला पायांवर घेऊन बसलेली. लेक विचारते, "आई, बोलत का नाय? रडतेस काय गो?"

तोंडात लाटी होती. मी हो म्हणून मान हलवली.

मग खरंच रडले. पण लाटी गिळून झाल्यावर.