पान एकेचाळीसची दुरुस्ती

वडनेर भोलजी आणि शेजारच्या गावांतल्या बासष्ट जणांनो, तुम्ही आकाशात काही पाहिलं, माझ्या वहीत खरं ते सांगितलं आणि त्याबद्दल गावानं तुम्हाला येडं ठरवलं. मलाही ठरवलं. ज्याला तुमच्या तोंडचं ऐकायचं नसतं तो आधी तुमच्या डोक्याकडे बोट दाखवतो. म्हणून माझं मृत्युपत्र मी तुमच्यासमोर करतो आहे.

मी उकंडराव सोनाजी बोंबटकार, वय ७६, कापसाच्या जिनिंगमध्ये गाड्या तोलणारा निवृत्त काटेवाला. कोणाच्या दडपणाखाली नाही, माझ्या मर्जीनं लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. इतरांच्या मृत्युपत्रात हे वाक्य रिवाज म्हणून येतं, माझ्या बाबतीत त्यावर खटला होईल. म्हणून डॉ. महादेवरावांचा आजचाच दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आलो आणि पुढे काय करायचं ते त्यांनाच विचारलं.

१. राहतं घर, मागचं आवार आणि बँकेत जे असेल ते माझी पत्नी जनकाबाई हिचं. पूर्ण मालकीनं. तिनं ते विकावं, द्यावं किंवा पाडावं, कोणी विचारायचं नाही.

२. विज्ञानकथांची सगळी पुस्तकं आणि जुने अंक गावच्या वाचनालयाला. अट एकच: कपाटाला कुलूप नको. अध्यक्षांना मी ओळखतो. पुस्तकांना उद्घाटनाच्या दिवशी हार घालतील आणि दुसऱ्या दिवशी किल्ली हरवतील. तसं झालं तर कोणीही कपाट फोडावं, माझी परवानगी आहे.

३. ही पुस्तकं ज्यानं मलकापूरच्या आपल्या दुकानात तीस वर्षं रद्दीतून माझ्यासाठी निवडून ठेवली, त्या वाहेदला मी काही देत नाही. त्याची पत्नी सायराबी इथे साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या घरात चमचा जरी गेला तरी समोरचा वकील तोच धरून बसेल. वाहेदनं राग मानू नये.

४. दुर्बीण जनकाबाईची. तिनं तारे पाहावेत, नाही तर स्टँडवर पापड वाळवावेत.

५. माझ्या सभांचा भोंगा आणि मायक्रोफोन पुतण्या गजेंद्र याला. तो कुजबुजत फार बोलतो. त्यानं एकदा तरी उघड बोलावं.

आता त्या वहीबद्दल. लोक समजतात, मी उडत्या तबकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. विश्वास मी कोणावरच ठेवला नाही. एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार मी वेगवेगळ्या घरांत बसवायचो, एकमेकांशी बोलू द्यायचो नाही आणि उलटसुलट विचारायचो. तुमच्या बासष्ट जणांच्या नोंदींचा निकाल मी लावला. कुठे हवामान खात्याचा फुगा, कुठे रांगेनं जाणारे उपग्रह, कुठे लग्नातला ड्रोन. तुम्ही खोटं बोलला नव्हता. दिसलेलं ओळखता आलं नव्हतं, इतकंच.

उरलं पान एकेचाळीस. १७ फेब्रुवारी १९९९, दिवेलागण. जनकाबाईनं आमच्या तेव्हाच्या तुरीच्या शेतावर पालथ्या परातीसारखं काही थांबलेलं पाहिलं. तीन उजेड होते. आधी मधला विझला, मग कडेचे दोन, आणि ते सरळ वर गेलं. त्याखाली माझ्या हातचा शेरा आहे: "साक्षीदार घरातली. डोक्यावर परिणाम असावा. अविश्वसनीय." ज्या शब्दाविरुद्ध मी चौकाचौकात भाषणं ठोकली, तोच शब्द मी माझ्या बायकोला लावला.

गेल्या श्रावणात वाहेदच्या गावातल्या घरी चहा पीत होतो. सायराबी सहज म्हणाली, "भाऊ, ते परात पुन्हा कधी दिसली का?"

"कोणती परात?"

"तुमच्या तुरीवरची. मी बकऱ्या आणाले गेलती. बीचची बत्ती पह्यले बुझली, मंग बाजूच्या."

"तवाच सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही वही घेऊन आलते नं. यांले इचारलं, हे म्हणे नाही. तुम्ही चहा पिऊन चालले गेले. चहा मीच आणून देला होता."

मी तरीही संशय घेतला. दोघींना वेगवेगळं गाठलं. आपसात कधी बोलल्या का, ते खोदून विचारलं. कधीच नाही. जनकाबाई एवढंच म्हणाली, "एकदा लिवून टाकलं नं मले येडी? आता काऊन इचारता?" तबकड्यांच्या शेकडो कथा वाचल्या, पण बकऱ्या आणणाऱ्या बाईला विचारावं हे मला सुचलं नाही.

ते परग्रहावरचं यान होतं असं मी आजही लिहीत नाही. तिनं पाहिलं, एवढं लिहितो. पान एकेचाळीसचा शेरा खोटा आहे, माझा आहे आणि तो मी या मृत्युपत्रानं रद्द करतो.

हे इथे लिहिण्याचं कारण गजेंद्र. "काका, वही कॉम्प्युटरमध्ये टाकून देतो," म्हणून तो ती आठवडाभर घेऊन गेला. परत आली तेव्हा बाकीची वही जशीच्या तशी होती, फक्त एकेचाळिसाव्या पानाशी घडी पडलेली. दिवाळीत तो ओट्यावर जनकाबाईला लाडीगोडीनं म्हणाला, "काकू, ते तबकडीचं सांग नं वं."

ती म्हणाली, "गजेंद्रा, तुह्या खिशातला मोबाईल पह्यले बंद कर, मंग सांगते."

तो हसला आणि उठून गेला. तेव्हापासून तो लोकांकडून एका कागदावर सह्या घेत फिरतो आहे. कागदावर लिहिलं आहे की काकूला भ्रम होतो, तिला व्यवहार कळत नाही, घराची देखरेख पुतण्याकडे द्यावी. पुरावा म्हणून माझ्याच अक्षरातलं पान जोडलं आहे. माझ्यामागे तिला घराबाहेर काढायला माझाच शेरा वापरला जाणार आहे. मी असेन तोवर त्याला अडवीन. पुढे ते तुमच्याकडे आहे.

बासष्ट जणांनो, तो तुमच्याही दारात येईल. गोड बोलेल, पेन पुढे करेल. त्या कागदावर सही करू नका.

मृत्युपत्र करणार: उकंडराव सोनाजी बोंबटकार (सही)

आमच्यासमोर त्यांनी वाचून सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. सायराबी वाहेद खान (सही)
२. डॉ. महादेवराव खोंदले (सही)

ठिकाण: वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा
दिनांक: ११ जानेवारी २०२५