कापसात ठेवलेलं बेसिन

माय, काल बाथरूमसाठी बेसिन घेतलं. काठाला पाकळ्यांसारख्या चुण्या असलेलं, चांगलं नखऱ्याचं, पण पांढरं. तू असतीस तर दुकानातच तोंड वाकडं केलं असतंस. दुकानदार एकेक दाखवत होता आणि मला यवतमाळचं ते दुकान आठवत होतं, जिथे आपल्या घरच्या नव्या बाथरूमसाठी बेसिन घ्यायला तू मला सोबत नेलं होतंस. तिथल्या माणसानंही पांढरी बेसिनं ओळीनं दाखवली होती, पांढरं कशावरही शोभतं म्हणून समजावलं होतं. तू मडकं घ्यावं तसं प्रत्येक बेसिन बोटांनी वाजवून पाहिलंस आणि शेवटी म्हणालीस, "दादा, पांढरं नका दाखवू. गावात घरोघर पांढरंच भरून हाये."

त्याला ते कळलं नाही. मला कळलं होतं. कापसाचे भाव पडले होते, आणि आज ना उद्या चढतील या आशेनं लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. माणसं त्याच्या ढिगाला पाठ लावून झोपत. तू गावची नर्स, रोज घरोघर फिरायचीस, आणि त्या हिवाळ्यात कापसानं पोरांच्या अंगाला सुटलेली खाज हेच तुझं मोठं काम झालं होतं. म्हणून तू निळं बेसिन निवडलंस. आत हिरवी वेल, वेलीला पिवळी फुलं. येताना दारव्ह्याहून पुढे गावापर्यंत जीपमध्ये ते मांडीवर घेऊन बसलीस, वरून शाल टाकून. अशा दिवसांत नक्षीचं बेसिन घरी नेताना तुला संकोच वाटत होता, आणि चेहऱ्यावरचा आनंद काही शालीखाली जात नव्हता. जन्मभर मोरीत बादलीवर वाकून तोंड धुतलंस तू. आता उभं राहून, फुलांकडे पाहत धुवायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी तू शेजारच्या काकूंच्या लेकीला मलम लावायला गेलीस. एका खोलीचं घर, त्यात कापूस, त्यात ती खाजवून रडणारी पोर. आमची बाथरूम अजून कोरडीच आहे, तिथं आणून टाका, असं सांगूनच तू परत आलीस. संध्याकाळपर्यंत आपली नवी बाथरूम खिडकीपर्यंत भरली. बेसिन फुटू नये म्हणून तूच ते मधोमध कापसात खुपसून ठेवलंस. मिस्त्री आला, दार उघडून पाहिलं आणि हसत परत गेला. बाबा म्हणाले, आता आंघोळ कापसानंच करायची काय.

आठवड्यामागून आठवडे जातात. काकू आपल्या दारावरून मान खाली घालून जातात. एक दिवस काका येतात आणि उभ्याउभ्याच सांगतात, उद्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो, मिळेल त्या भावात, तुमचं काम अडलंय. तू त्यांच्या हातात चहा देतेस.

"भाव येऊ द्या, भाऊ. माहं बेसिन काही नासत नाही."

भाव आला. फार नाही, थोडा. कापूस बैलबंडीत भरला गेला आणि आतून बेसिन निघालं, अंगभर पांढरी लव चिकटलेलं, दाढी वाढलेल्या म्हाताऱ्यासारखं. मिस्त्रीनं ते बसवलं. तुझ्या हौसेचं बेसिन, पण तू आधी काकूंनाच हाताला धरून नळापाशी आणलंस. त्यांनी चूळ भरली, गाल फुगवून बेसिनकडे बघत राहिल्या आणि थुंकेचनात. मग धावत अंगणात जाऊन थुंकल्या.

"वो बाई, एवढ्या फुलायवर थुकावं तरी कसं?"

तू पदर तोंडात कोंबून हसलीस. "थुक बिनधास्त वं. तुह्याच कापसानं सांभाळलं त्याले."

त्या संध्याकाळी अर्धी गल्ली हात धुवून गेली. तुझी पाळी आली तेव्हा टाकीतलं पाणी संपलं होतं, आणि तू तांब्यातलं पाणी घेऊन, पण उभ्यानंच, तोंड धुतलंस.

हे कुठे पाठवायचं नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण मग पांढरं का घेतलं ते सांगावं लागलं असतं. त्या हिवाळ्यात तू कामावर गेलीस की मी बाथरूमचं दार लोटून कापसात गळ्यापर्यंत शिरून झोपायचे. अंगाला खाज सुटायची, ती तुला दिसू नये म्हणून लांब बाह्यांचा फ्रॉक घालायचे. तेवढी ऊब मला पुन्हा कुठे मिळाली नाही.