लेन्स गेली असं समजा

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढं).

तुमचं पत्र सोमवारी हाती पडलं. गुडघा जिना चढताना कुरकुरतो पण उतरताना गप्प बसतो, हे वाचून बरं वाटलं, म्हणजे निदान अर्धा दिवस तरी तुमचा आरामात जातो. इकडे सगळं ठीक आहे. हिची सर्दी गेली आणि माझी आली, म्हणजे घरातली सर्दी घरातच राहिली. फोन करायचं सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही. 'मुद्द्याचं बोल' म्हणता. पत्राला तुम्ही मध्येच अडवू शकत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते मुद्द्याचं असलं तरी लांबलचक आहे.

तुम्ही लिहिलंत की येत्या वीस तारखेला तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. आयुष्यभर तुम्ही अख्ख्या गावाचे फोटो काढलेत, पण ताईचा एक धड फोटो तुमच्याकडे नाही, कारण ती कायम दिव्याच्या मागे उभी. तर त्या दिवशी, मुलाने घेऊन दिलेल्या नव्या कॅमेऱ्यावर स्टुडिओतली ती जुनी लेन्स चढवून तिचा एक फोटो काढायचाच, आणि म्हणून लेन्स ताबडतोब पाठव. दाजी, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं (यात सर्दीचा वाटा किती ते सांगता येणार नाही). लगेच उठलो, लोखंडी कपाट उघडलं, आणि इथून पुढे जे झालं ते वाचताना कृपा करून बसून घ्या.

स्टुडिओ बंद केलात तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, ती लेन्स माझ्या हातात देऊन तुम्ही एवढंच म्हणाला होतात, 'हिला वापरत राहा, कोंडून ठेवू नकोस.' आता माणसाचा जीव एखाद्या वस्तूवर असला की तो काय करतो? मी तिला मखमलीत गुंडाळलं, मखमल चामड्याच्या डबीत, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, आणि डबा कपाटाच्या आतल्या खणात, हिवाळी कपड्यांच्या खाली. किल्ली वेगळ्या ठिकाणी. दर वर्षी एकदा खण उघडून डबा जागेवर आहे याची खात्री करायचो, आणि तुमची आठवण काढून पुन्हा कुलूप लावायचो. डबा मात्र कधी उघडला नाही, उगाच हवा लागायला नको म्हणून.

सोमवारी तो उघडला. लेन्स उजेडात धरली तर आत भिंगावर नाजूक पांढरी जाळी, कोपऱ्यातून निघून मध्यापर्यंत पोचलेली. खरं सांगतो, पहिल्यांदा मला ती कंपनीनेच काढलेली नक्षी वाटली. ही म्हणाली, 'नक्षी कसली, बुरशी आहे ती. लोणी बाहेर राहिलं की येते तशी.' मला ते पटलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी लेन्स शाळेत नेली. (प्रयोगशाळा सहायकाच्या नोकरीत पगार बेताचाच, पण कुठल्याही विषयाचा तज्ज्ञ मधल्या सुट्टीत फुकट मिळतो.) रसायनाचे सर म्हणाले, बुरशीच. काळोख, कोंदट हवा आणि चामडं, तिला लागतं ते सगळं तुम्ही नऊ वर्षं पुरवलंत, वर कुलूप लावून बाहेरच्यांचा त्रासही होऊ दिला नाहीत. जीवशास्त्राच्या बाई मात्र हरखून गेल्या. लेन्स उघडलीत तर थोडी मला द्या, म्हणाल्या. पुढे उघडली तेव्हा कडेची जराशी खरवडून मी दिली. तुमच्या लेन्समधली बुरशी आठवी 'ब'च्या सगळ्या मुलांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिची आकृती काढून नावंही दिली. त्यात एकाला दहापैकी नऊ मिळाले.

सरांनी पहिला उपाय सांगितला उन्हाचा. उन्हाने बुरशी मरते म्हणे. मी लेन्स खिडकीत ठेवली आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. आता मी भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग दर वर्षी सहावीच्या मुलांसमोर मांडतो, एकूण तीस वर्षं मांडला आहे. तरीही सोफ्याच्या खोळीतून धूर येईपर्यंत मला हे सुचलं नाही. सदऱ्याच्या बटणाएवढं, अगदी गोल, कडा काळ्या असलेलं भोक पडलं. मी त्यावर उशी ठेवली. ही घरात आली, उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उशी उचलली. (तीस वर्षांच्या संसारात मी सोफ्यावर उशी कधीही नीट ठेवलेली नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.)

मग लेन्स उघडण्यावाचून इलाज उरला नाही. तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल, पण काम मी पद्धतशीर केलं. पुढची कडी प्रयोगशाळेतल्या मोठ्या रबरी बुचाने दाबून फिरवली, ती निघाली. आतल्या कड्यांच्या खाचांत कंपासपेटीतला डिव्हायडर अडकवून त्या सोडवल्या. तो एकदाच घसरला, आणि जिथे घसरला तिथे मुळात आधीच एक ओरखडा होता असं मी धरून चाललो आहे. सहा भिंगं निघाली. ती जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून, ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने, वरची बाजू वर ठेवून मांडली. सरांनी दिलेलं औषध कापसावर घेतलं आणि तासभर पुसलं. जाळी ढिम्म हलेना. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला, की प्रयोगशाळेची किल्ली माझ्या खिशात राहिली आहे आणि दारात दहावीचा वर्ग उभा आहे. पळत गेलो आणि पाऊण तासात परत आलो.

दाजी, तुम्ही आमच्या हिचं स्वयंपाकघर पाहिलं आहे. भांडी एकात एक, मोठ्यात मधलं, मधल्यात लहान. डबे उतरत्या क्रमाने. पुस्तकंसुद्धा ती उंचीने लावते, त्यामुळे कोशाचा दुसरा खंड पहिल्या खंडापासून दीड हात दूर असतो. तिला टेबलावर सहा घाणेरडी भिंगं अस्ताव्यस्त पडलेली दिसली (अस्ताव्यस्त हा तिचा शब्द). तिने ती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतली, जुन्या मऊ ओढणीने पुसली आणि टॉवेलवर पुन्हा मांडून ठेवली, सगळ्यात मोठं डावीकडे, सगळ्यात लहान उजवीकडे. बुरशीचा मागमूस नव्हता. माझ्या तासाभराच्या औषधाने जे झालं नाही ते तिने दहा मिनिटांत केलं होतं. तिचं कौतुक करावं की डोकं धरून खाली बसावं, हे न कळून मी दोन्ही केलं.

गणिताच्या सरांना विचारलं. त्यांनी खडू घेतला. सहा भिंगं, प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे शेहेचाळीस हजार ऐंशी प्रकारे ती बसवता येतील. रोज दहा प्रकार करून पाहिले तर साडेबारा वर्षांत नक्की जमेल, म्हणाले. मोठं भिंग लहान जागेत मुळात जाणारच नाही, हे मी त्यांना सांगत होतो, पण ते इतके आनंदात होते की ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

शेवटी हाताला जसं बरं वाटलं तसं बसवलं, शाळेच्या कॅमेऱ्यावर चढवलं आणि खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना दारात उभं केलं. (निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही कुणी पाकीट घेऊन जाताना दिसलं की हातात घेऊन वजनाचा अंदाज सांगतात.) फोटोत चेहऱ्याचा मधला भाग स्पष्ट आला, आणि नाकापासून जसजसं बाहेर जावं तसतसे पोस्टमास्तर विरघळत गेले. कान नव्हतेच. मला रडू यायचं बाकी होतं, आणि ते मात्र फोटोकडे बघतच राहिले. म्हणाले, मी इतका समाधानी दिसतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मोठी प्रत मागितली. ती त्यांच्या बायकोने पाहिली, तिने शेजारणीला दाखवली, आणि शनिवारी आमच्या दारात चपलांचे अकरा जोड होते. या लेन्समध्ये सुरकुती अशी येतच नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, केस दाट वाटतात, हनुवटी एकच राहते. शिंपीणबाई साठीच्या आहेत, त्या फोटो बघून म्हणाल्या, 'अगं बाई, ही तर मीच की.' त्यानंतर त्यांनी आमच्या सोफ्याची खोळ आपणहून रफू करून दिली. शाळेतही मागणी आहे. मुख्याध्यापकांनी किल्लीचा विषय परत काढलेला नाही. दाजी, तीस वर्षं मी या गावात बीकर धुतोय, पण लोक रस्त्यात थांबवून माझ्याशी इतकं गोड कधी बोलले नव्हते. खोटं कशाला बोलू, मी मजेत आहे.

पण तुम्हाला असा फोटो चालायचा नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या फोटोत माणसाच्या भुवईचा केस न केस मोजता यायचा. तेव्हा जड मनाने लिहितो, लेन्स गेली असं समजा. वीस तारखेचा बेत सोडून द्या. चूक सर्वस्वी माझी, शिक्षा द्याल ती मान्य. ताईला माझा नमस्कार, आणि तिला यातलं काही सांगू नका, उगाच तिच्या जिवाला घोर.

आपला आज्ञाधारक (यापुढे),
धाकटा मेहुणा

ता. क. एक पितळी कडी जोडणीत उरली होती. मी ती खिशात ठेवली होती. तिचा लेन्सशी फारसा संबंध नसावा, असं तेव्हा वाटलं.

ता. क. दुसरा. ही पत्र वाचून म्हणाली की अर्धवट सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक नसतो. म्हणून पुढचं सांगतो. काल ती कडी घेऊन घड्याळजीकडे गेलो होतो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, लेन्स सोडवली, प्रत्येक भिंग उजेडात फिरवून पाहिलं, 'कुणी लावलं हे?' असं एकदाच विचारलं आणि अर्ध्या तासात सगळं जागच्या जागी बसवून दिलं. कडीसकट. आता समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीकात बारीक अक्षरं वाचता येतात. पोस्टमास्तरांचा पुन्हा फोटो काढला, दोन्ही कान आले, ते तेवढ्यावरून रुसले आहेत. तेव्हा लेन्स गेलेली नाही. तुम्ही स्टुडिओत वापरायचात तेव्हा होती तशीच आहे. 'लेन्स गेली असं समजा' हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ते मुद्दाम का लिहिलं, तर ताईने सांगितलं म्हणून. तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी तिचा हिला फोन आला होता. लेन्स देऊ नका, बिघडली म्हणून सांगा, म्हणाली. (ती खरोखरच बिघडलेली निघेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.) आम्हाला वाटलं, वय झालं, केस पिकले, म्हणून फोटो नको असेल. तर तसं नाही. ती म्हणाली, 'यांनी डोळ्याला कॅमेरा लावला की यांना मी दिसत नाही, माझी हनुवटी दिसते. हनुवटी खाली, खांदा वर, हे स्टुडिओ होता तोवर दिव्यामागे उभं राहून ऐकलं. आता तो एक दिवस तरी त्यांनी हात मोकळे ठेवून माझ्यासमोर नुसतं बसावं. फोटो काय, राहिला तर राहिला.' हे ती हसतच म्हणाली. आणि मग आमच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला का ते विचारलं. यातलं तुम्हाला काही सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं आहे, ते तुम्ही सांभाळा. लेन्स कापसात बांधून, खोक्यावर तुमचा पत्ता लिहून टेबलावर तयार ठेवली आहे. पाठवू की नको, ते ताईला विचारून कळवा. तुम्ही एखादी गोष्ट तिला आधी विचारून ठरवलीत असं तिला आठवत नाही, हेही ती म्हणाली होती, पण ते मी लिहिणार नव्हतो.