बारा की सोळा

६ फेब्रुवारी १९६१, ब्राउनश्वाइग
कॉफीच्या वेळी प्रोफेसर ब्रांडेस शेजारी येऊन उभे राहिले. वाटलं, आता प्रबंधाचं चौथं प्रकरण विचारतील. विचारलं नाही. म्हणाले, तुमच्याकडे भारतात शिकार चालते ना? मी जर्मनमध्ये म्हणालो, या, गेनाऊ. म्हणजे हो, अगदी बरोबर. म्हणाले, तुम्हीही करता? पुन्हा गेनाऊ म्हणालो. हा शब्द हल्ली आपोआप निघतो. समजलं नाही की निघतो. आज समजलं होतं, तरी निघाला.
लहानपणी एका इनामदारांच्या दिवाणखान्यात भुसा भरलेला वाघ पाहिला होता. त्या अनुभवावर बराच वेळ बोललो. प्रोफेसर ऐकत होते. नोव्हेंबरात त्यांच्या रानात पक्ष्यांची शिकार असते. म्हणाले, या एकदा.

७ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. विभागात आसिस्टंटची एक जागा आहे. वर्षअखेरीला ठरेल. उमेदवार दोन, मी आणि सुधीर. सुधीर माझ्या मागून आला. माझी स्कॉलरशिप पुढच्या मार्चपर्यंत. जागा मिळाली नाही तर सुलेखाला घेऊन पुण्याला परत. डॉक्टर न होता.
जर्मन माणूस माणसं ऑफिसात निवडत नाही, शिकारीत निवडतो. असं कुठेतरी वाचलं आहे. वाचलं नसलं तरी खरं आहे.
निश्चय: छऱ्यांची बंदूक घेणे. आधी पद्धतशीर अभ्यास. महिनाअखेर निर्णय. चौथं प्रकरण मार्चात.

८ फेब्रुवारी
सुलेखाला सांगितलं. म्हणाली, अहो, तुम्ही झुरळ मारायला मला हाक मारता. म्हटलं, इथे झुरळं नाहीत. म्हणाली, म्हणून तर सुखात आहात.
मग म्हणाली, आणि मेलेला पक्षी कोण साफ करणार? मी नाही हं. म्हटलं, आपण मारायचा, खायचा नाही. तत्त्व म्हणून मला यात काही चूक दिसत नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार
हेर कुंत्से यांच्या दुकानात गेलो. म्हातारा आहे. बंदुका दुरुस्त करतो आणि विकतो. मी काय घ्यायला आलो ते सांगितलं. त्याने विचारलं, बारा की सोळा? म्हणजे नळीचा व्यास. बारा मोठी, सोळा लहान. जास्त आकडा, लहान भोक. ही उलटी पद्धत कोणी ठरवली, हे आधी शोधलं पाहिजे.
मग त्याने विचारलं, नळ्या शेजारी शेजारी की एकावर एक? म्हटलं, विचार करतो. तो म्हणाला, करा.

११ मार्च
लायब्ररीतून पुस्तकं आणली. बारा बोअर जड, पण छरे जास्त. सोळा हलकी, दिवसभर चालायला बरी. इथले जुने शिकारी सोळा वापरतात. नवे बारा. प्रोफेसर जुने की नवे? वय जुनं, मोटार नवी.
तक्ता तयार केला. वजन, धक्का, पल्ला, नळीचं तोंड किती आवळलेलं. सुंदर झाला आहे. प्रबंधात असा एकही तक्ता नाही.
प्रकरणाला हात लागला नाही. थकवा आहे. विषयच धातूच्या थकव्याचा. स्टीलची सळई वाकवत राहायची, तुटेपर्यंत. माणसावर परिणाम होणारच.

२ एप्रिल, ईस्टर
सुधीर जेवायला. रविवारी आणि सणाला तो असतोच. म्हणाला, काय शिकारी, वरण वाढू? सुलेखा हसली. त्याने आजूबाजूला पाहून विचारलं, वहिनी, वाघ कुठे टांगायचा ठरलाय? ती म्हणाली, आधी बंदूक यायची आहे, मग वाघ, मग खिळा.
सुलेखाने संध्याकाळच्या वर्गात जर्मन टाइपिंग पुरं केलं. माझा प्रबंध टाइप करण्यासाठीच शिकली. मशीनही आणलं, जुनं आहे पण चांगलं. म्हणाली, द्या, काय झालंय ते द्या. म्हटलं, सगळं एकदम देतो. तुकड्यातुकड्यांत देणं शास्त्रीय नाही.

६ मे
कुंत्सेकडे. शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक खांद्याला लावली. त्याने समोर उभं राहून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, तुमचा मालक डोळा डावा आहे. म्हणजे नेम धरताना हुकूम चालवणारा डोळा. उजव्या खांद्याला बंदूक आणि डावा डोळा मालक, असं असेल तर पक्षी आपल्या वयाने मरतो.
घरी येऊन खिडकीतून चर्चच्या मनोऱ्यावर बोट धरलं. एकदा हा डोळा मिटला, एकदा तो. बोट उडी मारतं. कुंत्से खरं बोलतो.
प्रश्न गंभीर आहे. इतकी वर्षं मी चुकीच्या डोळ्याने वाचत होतो. प्रकरण अडण्याचं कारण कदाचित हेच.

२१ मे
रोज सकाळी झाडू खांद्याला लावून सराव. डाव्या खांद्याला. कपाटाच्या आरशासमोर. समोरच्या घरातल्या बाईंनी पडदा लावून घेतला. सुलेखा म्हणाली, नेम लागला असेल तर झाडू द्या, केर काढायचाय.

२० जून
प्रोफेसर जिन्यात भेटले. म्हणाले, प्रकरण चार? म्हटलं, अंतिम टप्प्यात. मग मीच विषय काढला. तुम्ही सोळा वापरता की बारा? ते जरा थांबले. म्हणाले, सोळा. वडिलांची आहे. आणि गेले.
मोलाची माहिती. इतक्या मोकळेपणी ते सुधीरशी बोलत नाहीत. सुधीरशी फक्त त्याच्या प्रकरणांबद्दल बोलतात.

१५ जुलै
धक्का. कुंत्से सहज म्हणाला, यागटशाईन कधी काढणार? म्हणजे शिकारीचा परवाना. त्याला परीक्षा असते. लेखी, तोंडी आणि नेमबाजी. जंगलाचे कायदे, कुत्र्यांचे रोग, पक्ष्यांची पिसं. पुढची परीक्षा वसंतात. शिकार नोव्हेंबरात.
विचारलं, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? म्हणाला, तुम्ही खरंच घ्याल असं वाटलं नव्हतं.
या देशात माणसाची पारख उरलेली नाही.

१७ जुलै
उपाय सापडला. परदेशी माणसाकडे मायदेशातला परवाना असला तर इथला मिळतो म्हणे. सासऱ्यांना साताऱ्याला पत्र टाकलं. त्यांची मामलेदारांशी ओळख आहे. दाखला काय, दोन ओळींचा. जावई चांगल्यापैकी शिकारी आहेत, इतकंच.
सुलेखाला सांगितलं नाही. वडिलांना उगाच त्रास, असं ती म्हणाली असती.

१२ ऑगस्ट, शनिवार
निर्णय झाला. सोळा बोअर. नळ्या शेजारी शेजारी. दस्ता डाव्या डोळ्याच्या माणसाच्या बेताने वाकवलेला. असा दस्ता झूलचे कारागीर करतात, कुंत्सेची त्यांच्याशी जुनी ओळख आहे. झूल हे गाव पूर्व जर्मनीत, पण माल येतो.
हलकं वाटतं. फेब्रुवारीपासून डोक्यावर होतं ते उतरलं. सोमवारी ऑर्डर. मंगळवारपासून प्रकरण.

१४ ऑगस्ट
काल बर्लिनची सीमा बंद झाली. पूर्वेकडच्यांनी तारा ओढल्या.
कुंत्सेच्या दुकानात रेडिओ चालू होता. त्याला दस्त्याचं विचारलं. त्याने ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. म्हणाला, माझी बहीण तिकडे झूलला आहे. त्यामुळे बंदुकीविषयी नीट बोलणं झालं नाही.
जागतिक राजकारण माझ्या बाबतीत नेहमी असंच वागतं. मी निर्णय घ्यायला आणि यांनी तारा ओढायला.

९ सप्टेंबर
घरात दिवसभर टाइपिंगचा आवाज. सुलेखा सुधीरचा प्रबंध टाइप करते आहे. त्याने विचारलं, वहिनी, मशीन रिकामंच आहे तर. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, रिकामंच आहे.
माझी हरकत नाही. तेवढाच तिला सराव. माझ्या वेळी चुका होणार नाहीत.
पण आवाजामुळे लिहिता येत नाही, हे नोंदवून ठेवतो.

२३ सप्टेंबर
सुधीरने प्रबंध दिला. पाच प्रकरणं. पेढे मिळत नाहीत म्हणून केक घेऊन आला. वाकून नमस्कार केला, सुलेखाला. म्हणाला, तुमच्यामुळे वेळेत झालं. मग माझ्याकडे वळून, श्रीरंगराव, आता तुमचा बार उडू द्या.
घाईचं काम आहे. ब्रांडेस मुरलेले आहेत. त्यांना माणूस हवा, कागद नको.

१२ ऑक्टोबर
सासऱ्यांचं पत्र. मला नाही, सुलेखाला. लिहितात, जावईबापूंची तब्येत बरी आहे ना? आपण माळकरी. मुक्या जिवाच्या हत्येचा दाखला मी कोणत्या तोंडाने मागू? आणि असला मजकूर पुन्हा उघड्या कार्डावर पाठवू नये, पोस्टमन आधी वाचतो, मग मला वाचून दाखवतो.
सुलेखाने पत्र माझ्यापुढे ठेवलं. जेवण वाढलं. शेवटी म्हणाली, अहो, इतकी खटपट त्या चौथ्या प्रकरणासाठी केली असतीत तर. वाक्य अर्धंच सोडलं. तिची ही सवय मला आवडत नाही. शेवट मलाच करावा लागतो.

११ नोव्हेंबर
प्रोफेसरांनी बोलावून सांगितलं, पुढच्या शनिवारी सकाळी या. चिखलाचे बूट घाला. बंदुकीबद्दल एक शब्द नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. पाहुण्यासाठी एक जादा बंदूक त्यांच्याकडे असणार. बहुधा वडिलांची. आणि परवान्याचं ते बघून घेतील, मोठा माणूस आहे.
हिरवी टोपी घेतली. पिसाची. कुंत्से म्हणाला, छान दिसते. तो पहिल्यांदाच हसला. बहिणीची काही खबर आली असावी. विचारायचं राहिलं.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
धुकं. उसाच्या फडासारखं उंच वाळकं गवत. हिरव्या कोटातली माणसं एका रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात बंदूक. शिंग वाजलं. प्रोफेसरांनी हात मिळवला आणि माझ्या हातात काठी दिली. म्हणाले, तुम्ही हाकाऱ्यांबरोबर. गवत झोडपायचं, ओरडायचं, पक्षी उठवायचे.
गावातली पोरं आणि दोन म्हातारे होते. त्यांनी टोपीकडे पाहिलं. त्यांच्यात टोपीला पीस कोणाच्याच नव्हतं.
दिवसभर झोडपलं. एकदा पायाशीच फेझंट उठला. कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा, लाल-तांबडा. किंचाळत उठला. मी ओरडायचं होतं. ओरडलो नाही. तो वाकडा होऊन धुक्यात गेला. रांगेतून कोणीतरी काहीतरी म्हणालं. गेनाऊ म्हणालो.
शेवटी मारलेले पक्षी गवतावर ओळीने मांडले. सगळ्यांनी टोप्या काढल्या. शिंग पुन्हा वाजलं. मीही टोपी काढली. पक्ष्यांकडे पाहवेना.
मग मोठ्या पातेल्यातून वाटाण्याचं सूप. त्यात डुकराचं मांस. नुसता पाव घेऊन उभा राहिलो. प्रोफेसर शेजारी आले. म्हणाले, आसिस्टंटची जागा सुधीरला दिली आहे. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून सांगतो.
मी म्हणालो, मला वाटलं होतं, शिकारीमुळे. तेही वाक्य अर्धं राहिलं.
त्यांनी सूपचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, तुम्हाला प्रकरण विचारलं की तुमचा चेहरा असा व्हायचा की पुढे बोलवत नसे. म्हणून त्या दिवशी दुसरं काहीतरी विचारलं. पक्षी काय, हवा काय.
पाव संपवला.

१९ नोव्हेंबर
पाय दुखतात. सुलेखाला सगळं सांगितलं. फक्त पायाशी उठलेल्या पक्ष्याचं नाही. तिने गरम पाणी आणून दिलं. म्हणाली, सुधीरला केव्हाच कळलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस कोणाला होत नव्हतं. विचारलं, तुला? म्हणाली, मलाही.

१५ डिसेंबर
सुधीरचा प्रबंध पाहून प्रोफेसरांनी विचारलं म्हणे, हे टाइपिंग कोणाचं? इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात जागा आहे. सुलेखाला बोलावलं होतं. ती आज एकटी जाऊन आली. मिळाली.
म्हणजे परत जायचं नाही. स्कॉलरशिप संपली तरी इथे राहता येईल. प्रबंधाला मुदत, उन्हाळ्यापर्यंत. तिनेच विचारून आणली.
अभिनंदन केलं. मनापासून केलं. ती म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं तरी चालेल. म्हटलं, वाटलं नाही. मग वाटलं.

८ जानेवारी १९६२, सोमवार
सुलेखा सकाळी कामावर गेली. नवा कोट. दारात मफलर बांधताना म्हणाली, अहो, खरं सांगा, तुम्हाला पक्षी मारायचा होता का? म्हटलं, नाही. म्हणाली, मग काय हवं होतं? ट्रॅमची वेळ झाली होती. म्हणाली, संध्याकाळी सांगितलंत तरी चालेल.
खोली स्वच्छ आहे. शांत आहे. समोरच्या बाईंचा पडदा उघडा आहे. अडचण अशी एकही नाही.
टेबलाशी बसलो. दुपारपर्यंत चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं. वाचून पाहिलं. ओळखीचं वाटलं. दोन वर्षांपूर्वीचा मसुदा काढला. तेच वाक्य आहे. तिथे ते जास्त नीट आहे.