तुझ्या नावाची चिठ्ठी

जोहे, बुधवार

प्रिय भूमिका,

फोन केला की तू ‘नंतर करते गो’ म्हणतेस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र. उद्या कान्हूदादा मूर्तींचा टेम्पो घेऊन रोह्याला येतोय, त्याच्या हाती देते आहे. पूर्ण वाचल्याशिवाय त्याला सोडू नकोस.

आपण दोघींनी एकाच दिवशी फॉर्म भरला होता. मुंबईला शिल्पकलेच्या वीस जागा, तुला मिळाली आणि मी वेटिंग लिस्टवर पहिली. बारा दिवस झाले, पहिलीच आहे. इतका वीट आलाय की वाटतं, पंधरावी असते तर बरं, निदान नाद तरी सोडला असता. पेणला बी.कॉम.ला नाव लागलंय, पण शनिवारी पाचच्या आत मूळ दाखला दिला नाही तर तेही जाणार. आणि तो एकदा तिथे दिला की मुंबई विसरायची. आई म्हणते पेणचं घे, पप्पा म्हणतात थांब, आणि खांब गावचा प्रविणमामा रोज फोन करून विचारतो, ‘लागला काय गो नंबर?’ काल मी कारखान्यात श्वास धरून मूर्तीचे डोळे आखत होते, तेवढ्यात त्याचाच फोन. गणपतीची भुवई थेट कपाळावर गेली. पप्पांनी ती फडक्याने पुसली आणि माझा फोन उचलून फळीवर ठेवला.

सोमवारी सगुणाकाकी कारखान्यात आल्या होत्या. आमच्याकडे ज्या मूर्तीला नावाची चिठ्ठी लागली, तिला दुसरं कुणी हात लावत नाही, तुला ठाऊक आहे. काकींनी जूनमध्येच दोन मूर्तींना चिठ्ठ्या लावल्या होत्या, एक कमळावरची, एक फेटेवाली. सोमवारी कमळावरची पक्की केली आणि फेटेवालीची चिठ्ठी स्वतःच काढली. म्हणाल्या, ‘मोकळी ठेव गो, कोन तरी बघून परत जात असंल.’ अर्ध्या तासात हमरापूरच्या एका घरी ती गेलीसुद्धा.

मग चहा घेताना त्यांनी लेकीच्या कौतुकाने सांगितलं, तू पुण्याला इंटिरियरला प्रवेश घेतलास, हॉस्टेलची खाट ठरली, गादीसुद्धा घेतली. ‘मुंबईचा पन ठेवलाय, असू दे, काय बिघडतंय?’ तुझ्या मागे यादीत कोण उभं आहे हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही, रंग कालवायच्या निमित्ताने आत गेले आणि रडले.

तू पुण्याला चाललीस याचा राग नाही. राग याचा आहे की या बारा दिवसांत तूसुद्धा मला तीनदा विचारलंस, ‘आला का नंबर?’ अगं, तो कुठून येणार होता? तुला खरंच मुंबईला जायचं असेल तर जा, मी मुकाट पेणला जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण जायचं नसेल तर कॉलेजला कळव. मी शनिवारी चारपर्यंत थांबेन, मग दाखला पिशवीत घालून पेणची एसटी पकडेन. तुझ्या नावाची चिठ्ठी तेवढी काढ, भूमिका. तुझ्या आईला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

अजून तरी तुझीच,
मनाली