दादाचा उन्हाळा

९ एप्रिल १९९७
दादा आज माठातलं पाणी चोरून प्यायला! चाळिशी उलटलेला माणूस — आणि मिशांवर थेंब लटकलेले. ओरडले तर म्हणतो, "माले तहान लागनी वं." सुरतेचा हा उकाडा, त्यात किडनी खराब म्हणून पाण्यावर बंधन. तोंडात बर्फाचा खडा दिला. गाल फुगवून बसला.

१० एप्रिल
पाय सुजलेत. "चोरीनी शिक्षा," — तोच म्हणाला.

१७ एप्रिल
डायलिसिस. लिंबायतच्या घरून रिक्षा. जाताना बडबड, येताना माझ्या खांद्यावर डोकं. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडेच. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "भावासाठी किती करशील?" आई मजुरीला जायची तेव्हा मला दिवसभर कडेवर घेऊन कोण हिंडायचं?

२ मे
डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता येईल, जवळच्या नातेवाइकाची लागेल. मी म्हटलं, "माझी घ्या." दादा उठून बाहेरच गेला! घरी आल्यावर — "तुना पोटवर सुरी? माले नको." जेवला नाही. मग मीही नाही. संध्याकाळी त्यानेच ताट वाढून आणलं. एकाच ताटात जेवलो.

३ मे
हे पलसाण्याहून डाईंग मिलमधून आले, हात निळे. सगळं सांगितलं. ते हात धुवायला गेले. मग एवढंच — "दादांना मी समजावतो." असा माणूस!

११ मे
दादा हो म्हणाला! यांनी काय सांगितलं कोण जाणे. रक्तगटही जुळला. मला भीती वाटते. पण ती इथेच, कुणाला सांगायची नाही.

२६ मे
पुढच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची किडनी आता घेता येणार नाही. तुम्हाला दिवस गेलेत."
लग्नाला अकरा वर्षं! आम्ही आशाच सोडली होती.
दादाला सांगताना रडूच फुटलं — "आता तुझं कसं रे?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "येडी! मी मामा व्हसू!" आणि स्वतःच रडला.
उद्या डायलिसिसला मी यायचं नाही, असा हुकूम सोडलाय. रिक्षात धक्के बसतात म्हणे.