आईच्या दारात बिननावाचा फकीर

मुक्काम मेडशी,
सवारीचा ओटा, चटईवर

चिरंजीव सतीश यास,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझं पित्त, सरिताची पाठ आणि पल्लवीची नोकरी ही तिन्ही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करतो. इकडे पेरणी उरकली, तुझी वहिनी गंगू ठणठणीत आहे, म्हैस आटली आहे, आणि काल सकाळी मी आपल्याच घराच्या दारात उभा राहून भीक मागितली. हे शेवटचं वाक्य चुकून पडलेलं नाही. लिहिल्यावर मीही ते पुन्हा वाचून पाहिलं. (फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवून दात घासतोस, आणि हे ऐकताना माणसाने दात घासू नयेत.)

सुरुवात आईच्या डोळ्यांपासून झाली. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे हे तुला ठाऊकच आहे, पण आता तो इतका पिकलाय की मागच्या पंधरवड्यात तिने म्हशीला 'बस लिलाबाई, च्या घेते काय' असं विचारलं. (शेजारची लिलाबाई मागेच उभी होती. ती अजून आमच्याकडे फिरकलेली नाही.) आरोग्य केंद्रातली सिस्टर धम्मदीपा आईला तपासून गेली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, की आता उशीर कराल तर ऑपरेशन करूनही दिसणार नाही. मी ताबडतोब वाशीमला डॉक्टर ठरवला, तारीख घेतली, ऑटो सांगितला. ऑटो दारात आला आणि आईने उंबरठ्यावर बसकण मारली. येणार नाही म्हणाली. का, तर "नवस फेडल्याबिगर नवा डोया घेऊन मी सवारीकडं कोन्या तोंडानं पाहू?"

कसला नवस, हे मलाही तेव्हाच कळलं. आपल्याकडे मोहरमात पंजे मांडले, सवारी बसली की हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्या बाया नवस बोलतात, की पोरगं जगलं तर त्याला फकीर करीन. हिरवी कफनी, गळ्यात रंगीत नाडा, खांद्याला झोळी, पाच घरची भीक. तान्ही पोरं त्यात गोड दिसतात. मी जन्मल्यावर, माझं बारसंही व्हायच्या आधी, तापाने फणफणलो होतो, तेव्हा आईने हे बोलून ठेवलं. पुढे चालता-बोलता झाल्यावर मला नेलं, तर मी म्हणे कफनी फाडली, मुजावराच्या अंगठ्याला चावलो आणि थेट किन्हीराजा गावाचा रस्ता धरला. मग शाळा आली, परीक्षा आल्या, एसटीची ड्यूटी आली, आणि आई मनातल्या मनात 'औंदा नाही तं पुढच्या साली' म्हणत राहिली. आता मी साठी ओलांडलेला, गुडघे करकरणारा माणूस! मी तिला समजावलं की आई, फकीर लहान पोरांना करतात. ती म्हणाली, "तवा तू लहानच होता. आता मोठा झाला, त्यात सवारीचा काय कसूर?" यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव. मी ऑटो परत पाठवला.

आता तुझ्या भावाचा स्वभाव तुला माहीत आहे. (तुझ्या लग्नात चारचौघांत तू त्यावर बोललाही होतास, ते मी विसरलेलो नाही.) जन्मभर स्टँडवर माईकवरून दुसऱ्या गावांची नावं पुकारली, त्यामुळे स्वतःच्या नावाची भूक राहिली असेल. घराच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर नाव, खाली सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, त्याखाली अध्यक्ष, भजनी मंडळ. देवळाला दिलेल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर नाव आहे. (जोरात फिरला की वाचता येत नाही, म्हणून तो मी एकवरच ठेवायला लावतो.) घरातला तांब्या, गंज, वाटी, झारा, काहीही नाव घातल्याशिवाय वापरात आलेलं नाही. आणि दर गुरुवारी त्याच पंख्याखाली बसून मी भोंग्यावरून लोकांना सांगतो, की बाबांनो, मी-मी करू नका, नाव-गाव ही वरची साल आहे, आत जो बसलाय त्याला ओळखा. ज्याने स्वतःला ओळखलं त्याने मालकाला ओळखलं. हे शेवटचं वाक्य खास माझं. म्हणजे परवापर्यंत होतं.

परवा मी तोंड लपवत मन्नानभाईच्या दुकानात गेलो. तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो आणि सवारीची सेवाही आता त्याच्याकडेच आहे. ज्यांच्या अंगठ्याला मी चावलो त्यांचा हा मुलगा. मी कशासाठी आलोय हे ऐकून त्याने आधी हात पाठीमागे घेतले, मग खुर्ची दिली. मी विचारलं, हे सगळं घरातल्या घरात, दार लावून, उरकता येईल का? तो म्हणाला, नाही. मग त्याने आपल्या सवारीचे नियम सांगितले. अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं नाही, कोणावर डाफरायचं नाही (इथे त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं), आणि मोहरमच्या दहावीपर्यंत स्वतःचं नाव घ्यायचं नाही. कोणी विचारलं कोण, तर फकीर, बस. मी म्हटलं, नावाने काय बिघडतं? तर तो म्हणाला, "भाऊ, ज्यानं सोताले वळखलं त्यानं मालकाले वळखलं. नावच सांगून मोकये झाले तं वळखाले राह्यलं काय?"

सतीश, माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझं वाक्य! मी ताडकन उठून म्हटलं की हे माझं आहे, गुरुवारचं आहे. त्यावर मन्नानभाईचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. "तुमचं? तुमच्या भोंग्याचं तोंड माया दुकानाकडं हाय भाऊ. इतके साल ऐकून राह्यलो. मले वाटे, आमच्या बुजुर्गांचं उचललं तुमी. पन चांगल्या कामाले उचललं, म्हून बोललो नाही." एका छत्रीवर दोघांनी हात ठेवावा तशी आमची गत झाली. त्याचे आजोबा हे म्हणत, आपले आजोबाही भजनात हेच म्हणत, आणि दोघे म्हातारे संध्याकाळी याच ओट्यावर तंबाखू मळत बसत. आता कोणी कोणाकडून घेतलं ते त्या दोघांनाच ठाऊक. चोरीची फिर्याद दोन्हीकडून मागे घेतली गेली.

मग काल पहाटे कफनी चढली. भिकेसाठी मी घरून स्टीलची वाटी आणली होती, ती मन्नानभाईने सहज उलटी केली आणि बुडावरची कोरलेली अक्षरं माझ्यापुढे धरली. "नाव तं तुमी हातात धरूनच निंघून राह्यले." वाटी दुकानात ठेवून घेतली, बदल्यात नारळाची करवंटी मिळाली. (तीही मी सवयीने उलटी करून पाहिली. नाव घालायला जागा नाही.)

पहिलं घर लिलाबाईचं. मला पाहून ती इतकी हसली की तिला हातातली घागर खाली ठेवावी लागली. मग एकाएकी डोक्यावर पदर घेतला, मूठभर तूरडाळ घातली आणि वाकून पाया पडली. मी दचकून मागे सरलो तर तुळशीवर आदळलो. दुसरं घर किसनसिंगचं. हा तोच, ज्याने देवळात माझ्या पंख्यासमोर आपला पंखा लावला, तोही माझ्याहून मोठ्या अक्षरांत. त्याने कवाड उघडून मुद्दाम विचारलं, "कोन? नाव काय म्हने?" त्याला माझं नाव माहीत, मला माहीत, रस्त्यावरच्या बकरीला माहीत, आणि मी आपला दातांवर दात ठेवून 'फकीर' म्हणतोय. मग त्याचीच मान खाली गेली, आणि ज्या माणसाने कितीतरी दिवाळ्या मला रामराम घातला नाही त्याने करवंटीत गूळ ठेवून माझ्या पायांना हात लावला. तिसऱ्या, चौथ्या घरीही तेच. पुढे वाटेत धम्मदीपा स्कूटीवर भेटली. तिला सगळी हकीकत सांगितली तर म्हणाली, "काका, मी विहारात जानारी, मले यातलं कयत नाही. पन आमच्यात तं आत 'मी' म्हून कोनी बसलेलाच नसते म्हन्ते. तुमी तुमचं शोधा, पन आजीच्या डोयाले उशीर नका करू." म्हणजे मी ज्याला शोधायला निघालो होतो तो या पोरीने स्कूटीवरून न उतरता रद्दच केला!

आणि पाचवं घर आपलं. नवस जिने बोलला तिच्या हातची भीक शेवटी घ्यायची असते. मी माझ्याच पाटीखाली उभा राहिलो आणि कडी वाजवली. आतून आईने विचारलं, "कोन हाय?" सतीश, या प्रश्नाला जन्मभर मी एकच उत्तर दिलंय. शाळेतून आलो, ड्यूटीवरून आलो, 'मी' म्हटलं की दार उघडायचं. काल तेही म्हणायची सोय नव्हती. माझा तो नेहमीचा खोकला आला, आणि कसाबसा म्हणालो, "फकीर." ती भिंत चाचपत आली. सुपातली ज्वारी तिने हाताने अंदाज घेत माझ्या झोळीत ओतली, एक दाणा खाली सांडला नाही. मग सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, आणि मला काही कळायच्या आत खाली वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

आई. माझ्या पायांवर. जिच्या पाया पडल्याशिवाय मी एका परीक्षेला गेलो नाही, ती. 'अगं उठ, मी आहे, मी' असं ओरडावंसं वाटलं, नाव अगदी दातांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. ती ज्याच्या पाया पडत होती तो कोण, हे मी खरंच आत शोधू लागलो. वाहतूक नियंत्रक नव्हता, अध्यक्ष नव्हता, तिचा मुलगासुद्धा नव्हता, कारण मुलाच्या पाया कोण पडतं? पाटीवरचा एकही जण तिथे हजर नव्हता. तरी कोणीतरी उभं होतं, कारण तिचे हात पायांना गरम लागत होते आणि कोणीतरी रडत होतं. हे सगळं मी इतकी वर्षं भोंग्यावरून समजावून सांगतोय आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला भीती वाटली, सतीश. सरळ सांगतो, भीती वाटली.

संध्याकाळी गंगू आईला हाताला धरून ओट्यावर घेऊन आली, सोबत डबाभर चोंगे, सवारीच्या गोड पोळ्या. मी विचारलं, आई, सकाळी मला ओळखलं होतंस? म्हणाली, "तुया खोकला नाही वळखला तं मी माय कायची?" मग पाया का पडलीस? तर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो (नाव ती घेते, मी नाही), "जानरावच्या कोन पडलं बापा? जानराव तं तू मन्नानच्या दुकानी ठेवून आलता. झोयी धरून जो उभा होता त्याच्या पडली मी. तवा तापात फनफनत होता तो तोच होता. त्यालेच मांगून घेतला म्या सवारीपुढं. तुयं तं तवा बारसंही नव्हतं झालं."

मन्नानभाई जवळच एक पंप उघडून बसला होता. त्याने हातातला वॉशर खाली ठेवला. सवारीच्या सेवेकऱ्याने हात पुसले, भजनी मंडळाच्या अध्यक्षाने डब्याचं झाकण उघडलं. आम्ही चौघांनी मिळून चोंगे खाल्ले.

बाकी क्षेम. तब्येत सांभाळ, रात्री मिसळ खाऊ नकोस, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा थोरला भाऊ
(सही दहावीनंतर)

ता. क. आई ऑपरेशनला तयार झाली आहे. दहावी झाली की नेतो. मात्र एकाच डोळ्याला तयार आहे. डॉक्टर एका वेळी एकच डोळा करतात, त्यामुळे मला आधी वाटलं की तिने पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं.

ता. क. दुसरा. तसं नाही. उजवा डोळा माझ्या नवसाचा आहे. डावा तुझ्या. तूही बारशाआधी आजारी पडला होतास आणि आईची नवस बोलायची सवय एकच. धम्मदीपा म्हणते डावाच जास्त पिकलाय. हे पत्र पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ देतोय, तो तिकडून लगेच परत निघतो, त्याच्याच गाडीत बस. तू दरवर्षी फी भरून लोणावळ्याच्या शिबिरात 'मी कोण' शोधायला जातोस, इथे करवंटीत काम होतं. मन्नानभाईकडे तुझ्या पोटाच्या मापाची कफनीही आहे. लग्नात मी दिलेली वाटी आणू नकोस, तिच्यावर तुझं नाव आहे. (खाली 'यांजकडून' म्हणून माझंही.)

ता. क. तिसरा. पाकिटाच्या मागे काळा डाग दिसेल. सवयीने माझ्या नावाचा रबरी शिक्का मारून बसलो होतो, मन्नानभाईने पंपाचं ग्रीस फासलं.

ता. क. शेवटचा. आज सकाळपासून आईने ज्वारीचं दुसरं सूप भरून दाराआड ठेवलंय. मी विचारलं, सतीशसाठी का? तर डाफरली, "सतीशचं नाव कोनी काढलं? जो येईन त्याच्यासाठी." आणि गंगूला आतापर्यंत कितीदा विचारून झालं, की पुण्याची गाडी फाट्यावर केव्हा येते. ये. दारात आलास की ती विचारेल, कोन हाय. नाव सांगू नकोस. तिला माहीत आहे.